तिरळ्या नजरेचा विमा

जपमाळेचा महिना सरत आला होता. सायंकाळची प्रार्थना आटोपून आम्ही चर्चचे दरवाजे लावून घेत होतो, तोच आमच्या मांजरीच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला हाताला धरून समोर येऊन उभी राहिली. मुलगा आमच्या वेदीसेवकांपैकीच. त्याने मान खाली घातली होती.

‘फादर, आता तुम्हीच समजवा ह्याला,’ बाई म्हणाल्या. ‘डॉक्टरांनी डिसेंबरातली तारीख दिलीय. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय. आणि हा म्हणतो, नाताळ झाल्याशिवाय करणार नाही.’

आम्ही मुलाकडे पाहिले. त्याने मान वर केली. त्याचा उजवा डोळा आमच्याकडे पाहत होता आणि डावा, नेहमीप्रमाणे, नाकाच्या शेंड्याकडे वळला होता.

‘का रे बाळा?’

‘ऑपरेशन झालं तर डोळा सरळ होईल ना, फादर. मग नाटकात माझं काम कोण ठेवील?’

वाचकहो, ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते काम आम्हीच त्याला दिले होते, आणि ते कशासाठी दिले होते हे त्या मुलाने आमच्याहून अधिक स्पष्टपणे ओळखले होते. नाताळच्या नाटिकेत मरिया आणि योसेफ बेथलेहेमच्या धर्मशाळेशी येतात तेव्हा दारात एक रखवालदार असावा, असे आम्ही योजिले होते. संवाद एकही नाही. रखवालदाराने योसेफाकडे पाहून नकारार्थी मान हलवायची. परंतु डोळ्यांच्या ठेवणीमुळे तो योसेफाला नव्हे, तर गाढवालाच नकार देत आहे असे प्रेक्षकांना वाटावे. पहिल्याच तालमीत मुले खदखदून हसली. आम्हीही हसलो. तो मुलगाही हसला. आणि आमची समजूत अशी की, चला, एका बुजऱ्या मुलाला आपण रंगमंचावर आणले!

बाईंना आम्ही ‘उद्या बोलू’ असे सांगून वाटेला लावले. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर सारखा एक विनोदी नट येत राहिला. त्याचे नाव बेन टर्पिन. आपल्या तिरळ्या डोळ्यांचा विमा उतरवणारा तो बहुधा जगातील एकमेव माणूस असावा. विम्याची रक्कम पंचवीस हजार डॉलर, आणि अट अशी की डोळे कधी चुकून सरळ झालेच तर पैसे मिळावेत! ह्या विम्यात जाहिरातबाजीचा भाग मोठा होता हे उघड आहे. तरीही त्यामागचा हिशेब खोटा नव्हता. डोळे सरळ झाले की चूल विझली, हा तो हिशेब. मांजरीतल्या अकरा वर्षांच्या मुलाने कोणत्याही कंपनीच्या सल्ल्याविना तोच हिशेब मांडला होता.

टर्पिनची आमची ओळख सेमिनरीत झाली. पुण्याच्या नगर रस्त्यावर आम्ही तत्त्वज्ञान शिकत असता, सुटीच्या संध्याकाळी सभागृहात भिंतीवर पांढरी चादर ताणून जुने चित्रपट दाखवले जात. ज्या जोडगोळीला महाराष्ट्रातील मुले जाड्या-रड्या म्हणून ओळखतात, त्या लॉरेल आणि हार्डी यांचा १९४० सालचा ‘सॅप्स अॅट सी’ हा चित्रपट असाच एकदा लागला. त्यात एका घरातील सगळे नळ, वायू आणि विजेच्या वाहिन्या उलटसुलट जोडलेल्या असतात. शीतकपाटातून गाणे ऐकू येते, रेडिओवर बर्फ जमतो. हे असे का, ह्याचा उलगडा होत नाही, आणि मग दारात नळ दुरुस्त करणारा कारागीर येऊन उभा राहतो. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांकडे वळलेले. बस्स.  आमचे सारे सभागृह हसून लोळले. तो कारागीर म्हणजे बेन टर्पिन, आणि ती त्याची अखेरची भूमिका. त्याच वर्षी १ जुलै रोजी तो हृदयविकाराने वारला.

१८६९ साली न्यू ऑर्लीन्स येथे मिठाई विकणाऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस सर्कशीत आणि नाट्यगृहांतील किरकोळ करमणुकीच्या खेळांत कोलांट्या मारत मोठा झाला. एका भटक्या विदूषकाचे सोंग तो वर्षानुवर्षे करी. त्या सोंगासाठी मुद्दाम डोळे वळवता वळवता ते कायमचेच वळले, असे तो स्वतः सांगे. १९०७ साली शिकागोच्या एसाने कंपनीत तो दाखल झाला, तेव्हा अमेरिकेत चित्रपटाचा धंदा इतका बाल्यावस्थेत होता की कॅमेऱ्यापुढे पडणे झाले की ह्याच नटाने इमारतीची झाडलोटही करावी. पुढे १९१५ साली त्याच कंपनीत चार्ली चॅप्लिन आला आणि दोघांनी दोन-तीन चित्रपटांत एकत्र काम केले. १९१७ पासून मॅक सेनेट ह्या विनोदी चित्रपटांच्या सम्राटाकडे टर्पिन गेला आणि तेथे त्याचे नशीब उजळले. सेनेटची युक्ती साधी होती. ज्या भूमिकेत देखणा, रुबाबदार नायक हवा, त्या भूमिकेत टर्पिनला उभे करायचे. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने शेखाची भूमिका करून साऱ्या अमेरिकेतील स्त्रियांना वेड लावले, तर १९२३ साली टर्पिनने ‘श्रीक ऑफ अॅरबी’ मध्ये तोच शेख तिरळ्या नजरेने साकारला. आठवड्याला तीन हजार डॉलर मिळत, आणि ही रक्कम तो भेटेल त्याला नाव सांगावे तितक्या सहजपणे सांगे. पडण्यातही तो निष्णात होता. पन्नाशी उलटल्यावरही त्याच्या कोलांट्या चालू होत्या. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते डोळेच.

हा माणूस निष्ठावान कॅथलिक होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. त्याची पत्नी कॅरी १९२३च्या सुमारास गंभीर आजारी पडली आणि तिची श्रवणशक्ती गेली. तेव्हा तो तिला घेऊन कॅनडातील क्वेबेक प्रांतात, संत अॅनाच्या बोप्रे येथील तीर्थस्थानी गेला. तेथे लंगडे आपल्या कुबड्या मागे ठेवून जातात अशी ख्याती आहे. कॅरी बरी झाली नाही. कीर्ती शिखरावर असता टर्पिनने काम बाजूस ठेवले आणि १९२५च्या ऑक्टोबरात तिचे निधन होईपर्यंत तिची शुश्रूषा केली. त्या यात्रेत तिच्या शेजारी गुडघे टेकलेल्या त्या माणसाचे चित्र आम्ही अनेकदा डोळ्यांपुढे आणले आहे. ज्या ठिकाणी प्रत्येक जण आपला देह सरळ व्हावा म्हणून येतो, तेथे हा एकटा दुसऱ्यासाठी मागत होता. त्याने स्वतःसाठी मागितले असते तर काय मागितले असते?

ह्या विषयाशी आमच्या पेशाचाही एक जुना संबंध आहे. १९१७ सालच्या धर्मविधीसंहितेनुसार ठळक शारीरिक व्यंग असलेल्या उमेदवारास सवलतीशिवाय गुरुदीक्षा मिळत नसे. त्यातही डाव्या डोळ्याचे महत्त्व विशेष, कारण मिस्साग्रंथ वेदीवर डाव्या हाताला ठेवलेला असे आणि मिस्सातील मुख्य प्रार्थना, म्हणजे कॅनन, त्या डोळ्याने वाचावी लागे. म्हणून शास्त्रकार त्याला ‘कॅननचा डोळा’ म्हणत. १९८३च्या नव्या संहितेने देहाच्या व्यंगाची ही आडकाठी काढून टाकली. आमचा वेदीसेवक उद्या सेमिनरीत गेला तर त्याच्या डाव्या डोळ्याबद्दल त्याला कोणी विचारणार नाही. नाटकाच्या तालमीत मात्र आम्ही विचार केला तो त्याच डोळ्याचा.

झोप येईना म्हणून आम्ही उठून बसलो, तेव्हा आणखी एक चेहरा आठवला, आणि तो ह्याच मातीतला. आमचे आजोबा तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. त्यांनी उभ्या आयुष्यात जे दोन-चार चित्रपट पाहिले त्यांत ‘ब्रँडीची बाटली’ हा एक, आणि त्याची गोष्ट ते आम्हां नातवंडांना इतक्या वेळा सांगत की चित्रपट न पाहताच तो आम्हांला पाठ झाला होता. ‘दामुअण्णासारखा माणूस नाही,’ असे म्हणून ते स्वतःच हसू लागत आणि मग गोष्ट पुढे जातच नसे.

दामुअण्णा मालवणकर हे रंगभूमीवरून चित्रपटात आलेले नट. त्यांचीही नजर तिरळी. १९३६ साली बाबुराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढले. १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून त्यांचा ‘ब्रह्मचारी’ आला आणि मराठी बोलपटातील विनोदाला वेगळे वळण लागले. पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’. पुन्हा अत्रे, पुन्हा विनायक. आणि ह्या खेपेस मध्यवर्ती भूमिका दामुअण्णांची. बगाराम नावाचा नगरपालिकेतला भाबडा कारकून. आजारी माणसासाठी औषध म्हणून ब्रँडीची बाटली हवी, आणि ती आणायला निघतो हा, ज्याला ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. १९३९ साली मुंबईत दारूबंदी लागू झाली, तोच हा काळ. सभ्य माणसांच्या जगातून तो बिचारा नको नको त्या वस्तीत जाऊन पोहोचतो, आणि जेथे जातो तेथील शहाण्यांचे बिंग त्याच्या निरागस प्रश्नांनी फुटते. हिंदीतही हा चित्रपट निघाला.

(मराठीत तिरळ्याला चकणा म्हणतात, आणि दारूबरोबर तोंडात टाकायच्या फुटाण्या-शेंगदाण्यांनाही चकणाच म्हणतात. अत्र्यांसारख्या माणसाच्या नजरेतून हा श्लेष सुटला असेल असे मानायला आमचे मन तयार नाही. आम्हांला तो कसा ठाऊक, हे वाचकांनी विचारू नये.)

लगेच १९४० साली ‘लग्न पहावं करून’ आला. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तोवर पुस्तकांतून मराठी घराघरांत पोहोचले होते. विनायकांनी चिमणराव केले दामुअण्णांना आणि गुंड्याभाऊ केले विष्णुपंत जोगांना. दोन वर्षांनी ‘सरकारी पाहुणे’ मध्ये हीच जोडी पुन्हा आली. अमेरिकेत टर्पिन नळ दुरुस्त करणारा कारागीर होऊन पडद्यावरून कायमचा गेला ते साल आणि महाराष्ट्रात दामुअण्णा चिमणराव झाले ते साल एकच.

आता आमच्या मनात जे आले ते सांगतो. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला हसण्यासाठी त्याच्या डोळ्यांकडे पाहावे लागत नाही. तो विनोदी आहे तो मनाने: घाबरट, प्रतिष्ठेला जपणारा, बायकोपुढे नमणारा आणि तरीही आपण फार धोरणी आहोत असे समजणारा. तीच गोष्ट बगारामची. आम्ही पुढे पुण्यात आल्यावर दामुअण्णांना पडद्यावर पाहिले, तेव्हा पहिली पाच मिनिटे आमचे लक्ष त्यांच्या डोळ्यांवर होते हे कबूल केले पाहिजे. मग ते कधी उडाले ते कळले नाही. आम्ही त्यांचे बोलणे ऐकू लागलो होतो. टर्पिनच्या बाबतीत असे कधी होत नाही. तो पडद्यावर असेपर्यंत आपण डोळेच पाहत असतो. ह्यात त्याच्या अभिनयाचा कमीपणा नाही. तो मूकपटाचा नट. त्याच्या वाट्याला शब्द फारसे आले नाहीत. चित्रपट बोलू लागला तेव्हा तो साठीला टेकला होता, आणि एकेका दर्शनाचे हजार डॉलर घेऊन क्षणभर दारात उभे राहण्यापुरता उरला. पैशाची त्याला ददात नव्हती, त्याने घरे बांधून भाड्याने दिली होती. पण त्याला फारशी वाक्ये कोणी लिहून दिली नाहीत. दामुअण्णा पडद्यावर आले ते बोलपटाच्या काळात, आणि त्यांच्यासाठी लिहायला अत्रे बसले, चिं. वि. जोशी बसले.

आणि आम्ही? आम्ही आमच्या रखवालदाराला एकही वाक्य दिले नव्हते. विसाव्या शतकातील बोलपटाची सारी संपत्ती हाताशी असता आम्ही त्या लेकराला मूकपटात ढकलले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मांजरी महापालिकेत गेली ती २०२१ साली. तरी त्यांच्या चाळीच्या मागे अजून थोडा ऊस उभा आहे. एका खोलीत पाच माणसे. दिवसपाळी करून वडील यायचे होते आणि रात्रपाळीला जायचे म्हणून काका खाटेवर झोपले होते. बाईंनी आवाज न करता चहा ठेवला. डॉक्टरांचा कागद आम्हांला दाखवला. शस्त्रक्रिया बाहेरच्या स्नायूंची, डोळ्याच्या आत हात घालायचा नाही. एक स्नायू सैल करायचा, एक आवळायचा. धोका तिचा नव्हता, धोका उशिराचा होता. डोळा फार काळ वळलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे चित्र बाजूला टाकू लागतो आणि नजरच मंदावते. त्या डोळ्याची नजर आधीच बरीच उणावली होती. हे सगळे लहानपणीच व्हायला हवे होते, पण तेव्हा पैसे नव्हते. बाईंनी हे सांगितले ते खाली पाहून, जणू दोष त्यांचाच.

‘तारीख बदलू नका,’ आम्ही म्हणालो. मग मुलाकडे वळलो. ‘तुझं काम तुझंच आहे. पण मी ते बदलतोय. आता रखवालदार बोलणार.’

त्याने संशयाने पाहिले. ‘काय बोलणार?’

‘ते अजून लिहायचंय.’

‘डोळा सरळ झाल्यावर लोक हसतील?’

हसतील, असे आश्वासन आमच्या जिभेवर आले होते. आम्ही ते गिळले. ‘बघू,’ एवढेच म्हणालो. मुलगा काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘नाही हसले तर?’ त्याच्या आईने चहाचा पेला आमच्या हाती दिला, म्हणून त्या प्रश्नातून आमची सुटका झाली.

शस्त्रक्रिया डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. संवाद आम्ही लिहिले, आणि ते वाईट होते. गुरुविद्येचे शिक्षण घेतलेल्या माणसाने विनोद लिहू नये. त्याच्या प्रत्येक वाक्यात उपदेश डोकावतो. रखवालदार योसेफाला ‘जागा नाही’ असे सांगताना अंतःकरण आणि धर्मशाळा ह्यांवर चार ओळी बोलत होता. मुलाने त्या पाठ केल्या, तालमीत म्हटल्या, आणि कोणी हसले नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘फादर, मी दुसरं बोलू का?’

‘काय?’

‘जागा नाही म्हणजे नाही. माझी स्वतःची खाटसुद्धा मी दोघांना भाड्याने दिलीय. एक दिवसा झोपतो, एक रात्री. मी उभ्यानेच झोपतो.’

आम्ही आमच्या चारही ओळी खोडल्या.

नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या अंगणात मांडव भरला होता. थंडी होती, नदीकडून वारा येत होता. रखवालदार दारात आला. डोळ्याचा पांढरा भाग अजून लाल होता, पण बुबुळ जवळजवळ मध्यावर आले होते. लोकांना शस्त्रक्रियेची बातमी होती. त्यामुळे सगळ्यांचे लक्ष एकाच ठिकाणी. पहिल्या वाक्याला कोणी हसले नाही. मागच्या रांगेत कोणीतरी ‘सरळ झाला की रे!’ असे मोठ्याने म्हणाले. मुलगा क्षणभर थांबला. आम्ही पडद्याआड वही घट्ट धरून उभे होतो. मग तो खाटेचे वाक्य बोलला, आणि ‘उभ्यानेच झोपतो’ म्हणताना त्याने खरोखरच डोळे मिटून घेतले.

आधी हसले ते त्याचे काका. मग पाळीवर जाणारे बाकीचे पुरुष, मग सारा मांडव. योसेफालाही हसू आवरेना. मुलगा डोळे मिटूनच उभा राहिला, हशा ओसरेपर्यंत, एखाद्या मुरलेल्या नटासारखा.

त्याची आई दुसऱ्या रांगेत बसली होती. ती तेवढी हसली नाही. तो डोळे कधी उघडतो ह्याची ती वाट पाहत होती.